पुलपिटवरून उमेदवाराचे नाव घ्यावे का?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने:

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावात ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. मंडळीत ऐंशी-नव्वद कुटुंबे आहेत. बहुतेक शेतमजुरी करतात, काही दरवर्षी ऊसतोडीला जातात. आमच्या विद्यमान आमदारांनी गेल्या वर्षी आमदार निधीतून दफनभूमीला संरक्षक भिंत बांधून दिली. आता निवडणूक आली असून मी रविवारच्या उपासनेत त्यांच्यासाठी आवाहन करावे आणि सांगता सभेत स्टेजवर येऊन प्रार्थना करावी, असा त्यांचा आग्रह आहे. पंच कमिटीतील बहुतेकांना यात गैर वाटत नाही. तरुणांचे म्हणणे असे की बोलायचेच असेल तर मजुरीच्या दरावर आणि पाण्याच्या टँकरवर बोला, नाहीतर राजकारणाचे नाव काढू नका. मंडळीत पूर्वाश्रमीच्या दोन समाजांतील कुटुंबे आहेत आणि ती आजही उपासनेत वेगवेगळ्या बाजूंना बसतात; उमेदवाराचे कार्यकर्ते नेमका त्याचा फायदा घेत आहेत. सेमिनरीत मी अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांच्याविषयी शिकलो होतो. एका पाळकाचा शब्द अमेरिकेच्या राज्यकर्त्यांपर्यंत आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत पोहोचला, मग मी का गप्प बसावे, असे कधी वाटते. कधी वाटते की धर्माच्या माणसाने यात पडूच नये. मी काय करावे? आमच्या अभ्यासवर्गात नीबूर यांचे काय वाचावे, हेही कळवावे.

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आपण थेट विचारले आहे, म्हणून उत्तरही आधी थेट देतो. उपासनेत उमेदवाराचे नाव घेऊ नका, सांगता सभेच्या स्टेजवर जाऊ नका, आणि मजुरी व पाणी यांवर गप्पही बसू नका. या तिन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे सांगण्यासाठी आपण ज्यांचे नाव काढले त्या नीबूर यांच्याकडेच वळतो. त्यांचे जे चित्र वर्गात शिकवले जाते ते बहुधा त्यांच्या उत्तरायुष्याचे असते: १९४८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला धर्मचिंतक, परराष्ट्र खाते ज्यांचा सल्ला घेत असे असा प्राध्यापक, १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याकडून सर्वोच्च नागरी पदक स्वीकारणारा वृद्ध. आपल्या गावाला उपयोगी पडणारा नीबूर याच्या बराच आधीचा आहे, आणि तो एका मंडळीचा पाळक आहे.

१९१५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते डेट्रॉइटच्या बेथेल इव्हँजेलिकल मंडळीत पाळक म्हणून आले तेव्हा सभासद साठ-पासष्ट होते; १९२८ मध्ये त्यांनी ते शहर सोडले तेव्हा ती संख्या सातशेच्या घरात गेली होती. या तेरा वर्षांत मोटारींच्या कारखान्यांमुळे डेट्रॉइट बेसुमार वाढले. हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये पाच डॉलर रोज जाहीर केल्यापासून देशभर त्यांच्याकडे उदार मालकाचा नमुना म्हणून पाहिले जात होते, आणि शहरातील मंडळ्यांनाही त्या कौतुकात सामील होणे सोयीचे होते. नीबूर यांनी मात्र कामगारांच्या घरी जाऊन चौकशी केली आणि १९२६ मध्ये एका ख्रिस्ती नियतकालिकात लिहिले की रोजाचा आकडा मोठा दिसला तरी पाच दिवसांचा आठवडा आणि मधूनमधून होणारी कामबंदी धरली तर वर्षअखेर मजुराच्या हाती किती पडते ते पाहावे, शिवाय म्हातारपणी त्याचे काय होते तेही पाहावे. धर्मचिंतकाच्या सार्वजनिक प्रभावाची ही सुरुवात आहे, आणि त्या वेळी एकाही सत्ताधाऱ्याने त्यांना बोलावलेले नव्हते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची उचल, कोयत्यामागचा दर आणि हंगामाच्या शेवटी उरणारी रक्कम यांचा हिशेब आपल्या मंडळीत कोणी मांडला आहे काय? तो मांडता येण्यासारखी जागा पाळकाइतकी कोणाचीच नसते, कारण पाळक त्या घरांत रोज जातो.

निवडणुकीच्या तोंडावर नीबूर कधी बोललेच नाहीत असे मात्र नाही, आणि हा प्रसंग आपल्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. १९२५ मध्ये डेट्रॉइटच्या महापौरपदासाठी निवडणूक झाली. पदावर असलेले जॉन स्मिथ कॅथलिक होते आणि त्यांच्या विरोधात उभे असलेल्या चार्ल्स बोल्स यांना कू क्लक्स क्लानचा पाठिंबा होता. कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक यांचा द्वेष करणारी ही संघटना स्वतःला प्रॉटेस्टंट धर्माची रक्षक म्हणवत असे, आणि बेथेल ही प्रॉटेस्टंट मंडळी होती. मतदानाच्या आधीच्या रविवारी नीबूर यांनी पुलपिटवरून, म्हणजे उपासनेतील प्रवचनाच्या व्यासपीठावरून, सांगितले की धार्मिक गर्वातून आणि पूर्वग्रहातून जन्मलेल्या अतिशय वाईट गोष्टींपैकी क्लान ही एक आहे, आणि ती आपल्याच प्रॉटेस्टंट घरात जन्मली, हे आपल्याला नाकारता येणार नाही. निवडणुकीत स्मिथ विजयी झाले. पुढे शहराने वांशिक संबंधांसाठी समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद नीबूर यांच्याकडे आले. या प्रवचनाचा रोख कोठे होता ते पाहा. एखाद्या उमेदवाराने मंडळीसाठी काय केले, ही गोष्ट त्यात नव्हती. समोर बसलेल्या लोकांच्या मनात जे विष हळूहळू मुरत होते, त्याला त्याचे नाव देण्याचे काम त्या प्रवचनाने केले, आणि त्याची किंमत मोजावी लागलीच असती तर ती उपदेशकाला मोजावी लागली असती.

१९२८ मध्ये ते न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवण्यास गेले आणि १९३२ मध्ये त्यांचा ‘मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी’ हा ग्रंथ आला. त्याचे सार थोडक्यात असे: एकटा माणूस दुसऱ्यासाठी स्वार्थ सोडू शकतो, पण वर्ग, वंश, राष्ट्र असा समूह झाला की तोच माणूस समूहाच्या स्वार्थाला धर्माचे आणि नीतीचे वस्त्र नेसवतो, म्हणून अन्याय केवळ शिक्षणाने किंवा सद्भावनेने हटत नाही, त्याला संघटित शक्तीने तोंड द्यावे लागते. या ग्रंथात ज्यांच्या विचाराला त्यांनी सुरुवातीलाच आव्हान दिले ते जॉन ड्यूई म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. बुद्धी आणि शिक्षण यांच्या बळावर समाज सुधारेल, हा ड्यूई यांचा विश्वास नीबूर यांना अपुरा वाटत होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या नीतिबुद्धीवर विसंबून पूर्ण मुक्तीची आशा धरणे व्यर्थ आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. १९२७ चे महाड आणि १९३० चे नाशिक ज्यांनी पाहिले, त्या महाराष्ट्राला या विधानासाठी वेगळा पुरावा लागला नसता.

त्याच ग्रंथात गांधीजींच्या सत्याग्रहाची सविस्तर चर्चा आहे. विलायती कापडावरील बहिष्काराने मँचेस्टरमधील मुलांच्या पोटाला चिमटा बसतो, म्हणजे अहिंसक मार्गातही दुसऱ्यावर दडपण असतेच, हे नीबूर यांनी दाखवले. पण द्वेष वाढू न देता अन्यायाशी झगडण्याचा तोच उत्तम मार्ग आहे, आणि कृष्णवर्णीयांची मुक्ती बहुधा अशाच रणनीतीची वाट पाहत आहे, असेही म्हटले. हे लिहिले गेले तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग तीन वर्षांचे होते. विद्यार्थिदशेत त्यांनी नीबूर यांचा कसून अभ्यास केला आणि एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, व्यक्तींपेक्षा समूह अधिक अनीतिमान असतात याची आठवण नीबूर यांनी करून दिली आहे, असे त्यांचे नाव घेऊन नमूद केले. ते पत्र धीर धरा असे सांगणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते. धर्मचिंतकाचा खरा प्रभाव असा असतो, असे मला मनापासून वाटते. तीस वर्षांपूर्वी लिहिलेले एक विधान दुसऱ्या कोणाच्या तरी लढ्यात कामी येते, आणि लिहिणाऱ्याच्या हाती त्याचे श्रेय किंवा पद यांपैकी काहीही ठेवलेले नसते.

पक्षीय राजकारणात ते स्वतः उतरले, हे आपल्याला ठाऊक असेलच. १९३२ मध्येच ते समाजवादी पक्षाच्या वतीने न्यू यॉर्कमधून काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभे राहिले आणि सपाटून हरले. पुढे हिटलरविरुद्धच्या युद्धाच्या प्रश्नावर पक्षाशी पटेना तेव्हा त्यांनी पक्ष सोडला, आणि एके काळी ज्या शांततावादी संघटनेचे ते अध्यक्ष होते तिच्यापासूनही ते दूर झाले. १९४४ मध्ये लोकशाहीचे समर्थन करताना त्यांनी लिहिलेले वाक्य बहुतेकांना पाठ असते: माणसाला न्याय करता येतो म्हणून लोकशाही शक्य होते, आणि माणसाचा कल अन्यायाकडे असतो म्हणून ती आवश्यक ठरते. या वाक्यामागे आपण रोज शिकवता ते मूळ पापाचे तत्त्व आहे. कोणत्याही माणसाच्या हाती अनियंत्रित सत्ता सुरक्षित नाही, मग तो चांगला असो, श्रद्धाळू असो, आपल्या दफनभूमीला भिंत बांधून देणारा असो.

आता त्यांच्या उणिवेकडे येतो, कारण ती लपवून त्यांचा आदर्श ठेवणे आपल्याला चुकीच्या वाटेने नेईल. १९४० नंतर नीबूर सत्तेच्या आणि प्रतिष्ठेच्या वर्तुळात गेले. मंत्री, न्यायाधीश, मुत्सद्दी हे त्यांचे मित्र झाले. याच काळात वर्णभेदाच्या प्रश्नावर त्यांचा स्वर मवाळ झाला. दक्षिणेतील शाळांमध्ये जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना संरक्षण द्यावे, अशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना विनंती करणाऱ्या पत्रकावर सही करण्यास किंग यांनी सांगितले असता त्यांनी नकार दिला, कारण अशा दडपणाने भले होण्यापेक्षा नुकसानच अधिक होईल, असे त्यांचे मत झाले होते. कृष्णवर्णीय धर्मचिंतक जेम्स कोन यांनी पुढे फार कळकळीने विचारले की वधस्तंभावर इतके लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच देशात झाडाला टांगून मारल्या गेलेल्या माणसांत तो वधस्तंभ का दिसला नाही. या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. एवढे मात्र दिसते की ज्या काळात नीबूर यांच्या शब्दाला राजधानीत सर्वाधिक वजन होते, त्याच काळात ज्यांना त्या शब्दाची सर्वाधिक गरज होती त्यांच्यापासून ते दूर होते. पक्षाघाताने ते १९५२ पासून खचले होते, हे खरे. पण तेवढ्याने हे झाकत नाही.

आयुष्याच्या अखेरीस ते पुन्हा मूळ जागी आले. मित्र ह्युबर्ट हम्फ्री उपराष्ट्राध्यक्ष असतानाही त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये रविवारची उपासना सुरू केली आणि बिली ग्रॅहम यांच्यासारखे नामवंत उपदेशक तेथे बोलावले जाऊ लागले, तेव्हा सत्याहत्तर वर्षांच्या नीबूर यांनी आपल्या नियतकालिकात लेख लिहून बायबलमधील आमोस संदेष्ट्याची आठवण दिली. आपल्याला तो सातवा अध्याय पाठ असेल: याजक अमस्या हा आमोसाला सांगतो की येथे संदेश देऊ नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे. राजाने निवडलेला आणि राजाच्या घरी बोलावलेला उपदेशक राजाला काय सांगू शकणार, हा त्या लेखाचा प्रश्न होता. ते पवित्रस्थान बेथेलला होते, आणि नीबूर यांच्या पहिल्या मंडळीचे नावही बेथेलच होते.

पाळकसाहेब, आपल्याला बोलावणे आले आहे ते अमस्याच्या जागेवर बसण्याचे आहे. उमेदवार वाईट आहे असे मी म्हणत नाही, मला ते ठाऊकही नाही. भिंत आमदार निधीतून झाली, म्हणजे ती जनतेच्या पैशाची आहे आणि त्यात आपल्या शेतमजुरांनी भरलेल्या कराचाही वाटा आहे. काम करून घेतल्याबद्दल आमदारांचे आभार मानावेत, तेही त्यांच्या घरी जाऊन, पंच कमिटीतील दोघा-तिघांना सोबत घेऊन. आणि त्याच बैठकीत स्वच्छ सांगावे की उपासनेत आम्ही कोणाच्याही नावाचे आवाहन करणार नाही, कोणी दुसरा उमेदवार आला तरी त्यालाही हेच उत्तर मिळेल. नकार आपल्या एकट्याच्या तोंडून जाऊ देऊ नका. कमिटीचा ठराव करून घ्या, म्हणजे उद्या त्याचा राग एका माणसावर निघणार नाही.

कमिटीतील जे सभासद ‘यात काय बिघडले’ म्हणतात, त्यांच्यासमोर कायदाही ठेवा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, धर्माच्या आधारावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो आणि त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. मत न दिल्यास देवाचा कोप होईल असे भासवणे हाही त्याच कलमाखाली गैरप्रभाव आहे. सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की यात उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माचे आवाहनही येते. शिवाय १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू देण्यास मनाई केली आहे, आणि त्याची जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांवर असते. म्हणजे आपण आवाहन केले तर आमदारांचे भले होण्याऐवजी त्यांची निवडणूकच धोक्यात येऊ शकते, ही गोष्ट त्यांनाही पटेल.

तरुणांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. मजुरी आणि पाणी यांवर बोललेच पाहिजे, परंतु हे प्रश्न ख्रिस्ती मंडळीचे म्हणून मांडू नका, कारण टँकरच्या रांगेत सगळे गाव उभे असते. स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी कोणत्या कामाला आणि किती मिळते, टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, रोजगार हमीची कामे कधी निघाली, हे तरुणांनी घरोघर विचारून लिहून काढावे. गावातील इतर समाजांच्या लोकांसह त्या कागदावर सह्या घ्याव्यात आणि तो सर्व उमेदवारांना एकाच दिवशी द्यावा. उमेदवारांना प्रश्न विचारण्याची सभा घ्यायची असेल तर ती प्रार्थनामंदिराच्या आवाराबाहेर, गावच्या सामाईक जागेत घ्यावी. तेथे आपण नागरिक म्हणून उभे राहून प्रश्न विचारा. दलित ख्रिस्ती लोकांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहावे लागते, हा प्रश्नही तेथे निःसंकोच मांडता येईल. सरकारी धोरणाचा जाब विचारणे वेगळे आणि धर्माच्या नावाने मत मागणे वेगळे.

आपल्या पत्रातील सर्वात जड ओळ मात्र मला वेगळीच वाटली. दोन समाजांची कुटुंबे उपासनेत वेगवेगळ्या बाजूंना बसतात, हे आपण जाता जाता लिहिले आहे. नीबूर यांचे १९२५ चे प्रवचन मी एवढे विस्ताराने सांगितले ते याचसाठी. बाहेरच्या कार्यकर्त्यांना मंडळी फोडता येते, कारण ती आधीच फुटलेली आहे, आणि याबद्दल बोलायला ना कायद्याची आडकाठी आहे ना कोणाच्या परवानगीची गरज. येत्या रविवारी राजकारणाचा एक शब्दही न काढता एवढ्याच विषयावर बोला. प्रभुभोजनाच्या वेळी कोण आधी आणि कोण नंतर पुढे येते, लग्ने कोठे जुळतात आणि कोठे अडतात, पंच कमिटीत कोणत्या घरांतील माणसे कधीच आलेली नाहीत, हे नावे न घेता पण स्पष्टपणे सांगा. काही कुटुंबे रागावतील, कदाचित दुसऱ्या मंडळीत जातील. तसे झाले तर त्यांच्या घरी जाणे थांबवू नका.

अशा वेळी आपल्याच जिल्ह्याचा आधार घ्यावासा वाटला तर रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे स्मरण करा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्तावरील निष्ठा न सोडता परक्या सत्तेच्या आणि पैशाच्या आधाराविना बोलता यावे, ही त्यांची तळमळ होती.

अभ्यासवर्गासाठी नीबूर यांचे मोठे ग्रंथ आत्ताच घेऊ नका. ते जड आहेत आणि मराठीतून समजावताना आपला सगळा वेळ त्यांच्या शब्दांतच जाईल. डेट्रॉइटच्या पाळकपणाच्या काळात त्यांनी लिहिलेल्या नोंदी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्या घ्या. नोंदी लहान आहेत, एका बैठकीत दोन-तीन होतात. त्यांत एका नवख्या पाळकाची आजाऱ्यांच्या घरी गेल्यावर होणारी घालमेल आहे, आणि मोटारींच्या कारखान्यातील भट्टीच्या उष्णतेत राबणाऱ्या थकलेल्या माणसांचे वर्णनही आहे. ती कारखान्याची नोंद पहिल्या दिवशी वाचा आणि वर्गातील ऊसतोडीला जाऊन आलेल्या एखाद्या सभासदाला तिच्यावर आधी बोलू द्या.

आपला,
सदरलेखक